‘सहविकर’ ही संज्ञा : एक चिकित्सा

१

शास्त्रीय परिभाषेची चर्चा मराठीत बहुधा शब्द संस्कृतातून घडवावा की परका शब्द तसाच ठेवावा, या वादापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. शब्द एकदा स्वीकारला गेल्यावर तो वाचकाच्या मनात कोणती कल्पना उभी करतो आणि ती कल्पना वस्तुस्थितीशी कितपत जुळते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. जीवरसायनशास्त्रातील ‘सहविकर’ ही संज्ञा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. ‘एंझाइम’साठी ‘विकर’ हा शब्द मराठी शालेय पाठ्यपुस्तकांतून रुळला आहे. मराठी विश्वकोशाने ‘एंझाइम’ हाच शब्द ठेवला आहे. ‘विकर’ घेतला की ‘को-एंझाइम’चा ‘सहविकर’ होणे क्रमप्राप्तच ठरते. मूळ शब्दाच्या प्रत्येक अवयवास एक मराठी अवयव मिळाला, म्हणजे भाषांतर साधले, असे येथे गृहीत धरलेले दिसते.

या गृहीताचे परीक्षण दोन अंगांनी करावे लागते. पहिले, मूळ शब्द कोणत्या परिस्थितीत निर्माण झाला. दुसरे, ज्या द्रव्यांस तो लावला जातो ती द्रव्ये पेशीच्या चयापचयात प्रत्यक्ष काय करतात. या दोहोंचा विचार केला असता असे दिसून येते की, ही संज्ञा द्रव्याच्या कार्याविषयी फारसे सांगत नाही, आणि जे सांगते त्यातील काही भाग विद्यार्थ्याची दिशाभूल करणारा आहे.

२

‘एन्झीम’ हा शब्द जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने याने १८७७ च्या सुमारास योजला. ग्रीक भाषेतील ‘विरजणात असलेले’ अशा अर्थाच्या पदांवरून तो बनविला आहे. म्हणजे या शब्दाने वस्तूचे कार्य सांगितले नाही, वस्तीचे ठिकाण सांगितले. १८९७ मध्ये एडुआर्ट बुखनर याने यीस्टच्या पेशी वाळूबरोबर घोटून त्यांचा रस काढला आणि जिवंत पेशी नसतानाही त्या रसात साखरेचे किण्वन होते, हे दाखविले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये गाब्रिएल बर्त्राँ याने ‘को-फर्माँ’ ही संज्ञा वापरली. त्याच्यासमोर होते ते लॅकेज या विकरास लागणारे मँगॅनीज. आजच्या वर्गीकरणात धातूच्या आयनांना सहविकर म्हणण्याची पद्धत नाही. त्यांची गणना ‘सहघटक’ या अधिक व्यापक वर्गात होते. तेव्हा ज्या वस्तूसाठी शब्द जन्मास आला ती वस्तूच पुढे त्याच्या अर्थकक्षेबाहेर गेली. शब्दार्थाच्या इतिहासात अशी स्थलांतरे नित्याची आहेत. परंतु शास्त्रीय संज्ञेच्या बाबतीत त्यांची नोंद ठेवणे अवश्य असते.

आजच्या अर्थाचा पाया आर्थर हार्डेन व विल्यम यंग यांनी लंडन येथे केलेल्या प्रयोगांत घातला गेला. १९०६ मध्ये त्यांनी यीस्टचा रस जिलेटिन बसविलेल्या गाळणीतून दाबाखाली गाळला. गाळणीवर राहिलेल्या भागाने किण्वन होईना. खाली उतरलेल्या द्रवानेही होईना. दोन्ही एकत्र करताच किण्वन पुन्हा सुरू झाले. शिवाय खाली उतरलेला द्रव उकळला तरी त्याचा गुण टिकून राही. वरचा भाग उकळल्यास मात्र तो कायमचा निकामी होई. यावरून वरचा भाग प्रथिनमय विकराचा आणि खालचा भाग लहान रेणूंच्या, उष्णतेस दाद न देणाऱ्या साहाय्यक द्रव्याचा, अशी विभागणी झाली. या द्रव्यास पुढे ‘कोझायमेज’ हे नाव रूढ झाले. या विषयातील कार्याबद्दल हार्डेन यास १९२९ चे नोबेल पारितोषिक हान्स फॉन ऑयलर-केल्पिन याच्यासमवेत मिळाले.

या व्याख्येचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. गाळणीतून उतरणे व उकळल्याने न बिघडणे, ही दोन लक्षणे प्रयोगशाळेतील वर्तनाची आहेत. पेशीत गाळणी नाही आणि उकळणेही नाही. खाली उतरलेल्या द्रवात एकच द्रव्य होते असेही नाही. त्यात किण्वनाला लागणारी निरनिराळ्या कार्यांची अनेक लहान द्रव्ये एकत्र आली होती. ‘विकराबरोबर असावे लागणारे ते’ एवढेच त्या वेळी निश्चितपणे म्हणता येण्याजोगे होते आणि ‘को-’ या उपसर्गाने तेवढेच म्हटले. अज्ञानाच्या काळात हे नाव प्रामाणिक होते. पुढे ज्ञान वाढले; नाव मात्र तेच राहिले.

३

आता मराठी शब्दाकडे वळावे. ‘विकर’ हा शब्द ‘वि + कृ’ यापासून साधलेला आहे. ‘बदल घडविणारे’ असा त्याचा यौगिक अर्थ होतो. या दृष्टीने तो ‘एंझाइम’पेक्षा सरस म्हणावा लागेल, कारण तो ठिकाण न सांगता क्रिया सांगतो. विकर दुसऱ्या द्रव्यात बदल घडविते आणि क्रियेच्या शेवटी स्वतः मूळ रूपात परत येते. अडचण उत्पन्न होते ती ‘सह-’ जोडल्यावर.

‘सह’ या पदास मराठीत दोन छटा आहेत. ‘सहाध्यायी’, ‘सहप्रवासी’ या शब्दांत ती बरोबरीची आहे. दोघेही तीच क्रिया करतात. ‘सहसंपादक’, ‘सहकार्यवाह’ या शब्दांत मात्र प्रमुख आणि दुय्यम असा क्रम ध्वनित होतो. संस्कृत व्याकरणाने ही दुसरी छटा फार पूर्वी टिपली आहे: ‘सह’च्या योगाने तृतीया विभक्ती होते ती अप्रधान पदास, असा पाणिनीचा नियम आहे. ‘पुत्रासह पिता आला’ या वाक्यात येण्याची क्रिया दोघांचीही असली तरी वाक्याचा प्रधान कर्ता पिताच राहतो.

‘सहविकर’ या समासास यांपैकी कोणतीही छटा लावली तरी अर्थ जुळत नाही. पहिली छटा लावल्यास हे द्रव्य विकराप्रमाणेच बदल घडविणारे ठरते. दुसरी लावल्यास ते बदल घडविणाऱ्याचे मदतनीस ठरते. वस्तुतः सहविकर म्हणून सांगितल्या जाणाऱ्या अनेक प्रमुख द्रव्यांच्या बाबतीत प्रत्येक क्रियेत बदल होतो तो त्या द्रव्यातच. भर्तृहरीने कर्माचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांतील ‘विकार्य’ या प्रकारात, म्हणजे क्रियेमुळे ज्याचे रूप पालटते त्या वर्गात, हे द्रव्य बसते. नाव ‘विकर’ गटातले आणि वस्तू ‘विकार्य’ गटातली, हा या संज्ञेतील मुख्य दोष होय.

४

हा दोष केवळ तार्किक नाही, हे एका द्रव्याच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. कोझायमेज म्हणून प्रथम ओळखल्या गेलेल्या द्रव्यास पुढे ‘को-एंझाइम एक’, नंतर ‘डायफॉस्फोपिरिडीन न्यूक्लिओटाइड’ आणि १९६१ च्या आंतरराष्ट्रीय एंझाइम आयोगाच्या अहवालानंतर ‘निकोटिनामाइड ॲडेनीन डायन्यूक्लिओटाइड’, संक्षेपाने एन.ए.डी., अशी नावे मिळत गेली. पहिल्या नावात किण्वनाचा प्रयोग आहे, दुसऱ्यात नुसता क्रमांक, शेवटच्यात रेणूची रचना. या नामावलीत कार्याचा उल्लेख कोठेही नाही.

त्याचे कार्य असे. ग्लुकोजचे विघटन होत असता ग्लिसरॅल्डिहाइड फॉस्फेट या द्रव्याचे ऑक्सिडीकरण होते. त्या वेळी निघणारा हायड्राइड, म्हणजे एक प्रोटॉन व दोन इलेक्ट्रॉन, एन.ए.डी. स्वीकारते आणि एन.ए.डी.एच. बनते. एका ग्लुकोजमागे असे दोन रेणू भरले जातात. पेशीतील एन.ए.डी.चा एकूण साठा थोडा असतो. भरलेले रेणू रिकामे झाले नाहीत, तर थोड्याच वेळात स्वीकारण्यास रिकामा रेणू उरत नाही आणि विघटन थांबते. श्रम करणाऱ्या स्नायूत ऑक्सिजनाद्वारे हे रेणू पुरेशा वेगाने रिकामे होत नाहीत, तेव्हा पायरुव्हिक अम्ल पुढे येते, एन.ए.डी.एच.कडून हायड्राइड घेते आणि स्वतः लॅक्टिक अम्ल होते. यीस्टमध्ये हेच काम ॲसिटाल्डिहाइड करते व त्याचा मद्यार्क बनतो. मद्यार्कातून यीस्टला आणखी ऊर्जा मिळत नाही, एन.ए.डी. पुन्हा मोकळे व्हावे एवढ्यासाठी ती पायरी आवश्यक असते. हार्डेन व यंग यांच्या गाळणीवर अडलेले विकर निष्क्रिय का झाले, याचे एक प्रमुख कारण येथे मिळते. हायड्राइड घेणारा कोणी शिल्लक नसल्यामुळे क्रिया पुढे सरकूच शकत नव्हती.

या चित्रात एन.ए.डी. कोणत्या एका विकराचे सोबती दिसत नाही. एका विकराच्या ठायी ते हायड्राइड स्वीकारते, तेथून सुटते आणि दुसऱ्या विकराच्या ठायी तो देऊन टाकते. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर पहिल्या क्रियेत ते संप्रदान आहे, दुसऱ्या क्रियेत अपादान. वस्तू तीच, परंतु क्रियेगणिक तिचे कारक पालटते. कारक हा पदाचा अंगभूत गुण नव्हे, तो क्रियेशी असलेला संबंध होय. सहविकराची भूमिकाही अशीच संबंधाने ठरते. हे साम्य स्पष्टीकरणापुरतेच घ्यावयाचे आहे. पण एवढ्या साम्यावरूनही हे कळते की, ज्या वस्तूचे कार्य दोन क्रियांना जोडण्यात आहे तिला एका क्रियेची साहाय्यक म्हटल्याने तिच्या कार्याचा अर्धा भागच सांगितला जातो.

एन.ए.डी.चे जुळे भावंड एन.ए.डी.पी. याच्याकडे पाहिल्यास आणखी एक गोष्ट उघड होते. दोहोंत अंतर आहे ते एका फॉस्फेट गटाचे. हा जादा गट हायड्राइड घेण्याच्या जागेपासून दूर, रेणूच्या ॲडेनोसिनच्या बाजूस असतो व त्या रासायनिक क्रियेत भाग घेत नाही. दोन्ही द्रव्ये हायड्राइड सारख्याच रीतीने घेतात आणि देतात. असे असूनही पेशी एन.ए.डी. बहुतांशी रिकाम्या रूपात राखते आणि अन्नद्रव्यांच्या विघटनासाठी वापरते, एन.ए.डी.पी. बहुतांशी भरलेल्या रूपात राखते आणि स्निग्धाम्लांसारख्या द्रव्यांच्या रचनेसाठी खर्ची घालते. कोणत्या विकराने कोणास घ्यावे, एवढेच तो फॉस्फेट गट ठरवितो. ‘पाट’ आणि ‘पाठ’ या दोन शब्दांत केवळ महाप्राणत्वाचा फरक आहे. त्या महाप्राणत्वास स्वतःचा अर्थ नाही, तरी त्याच्यामुळे दोन अर्थ वेगळे राहतात. भाषाविज्ञान ज्यास भेदक लक्षण म्हणते तेच कार्य येथे एक फॉस्फेट करतो. चयापचयातील घडण व मोड या दोन विरुद्ध व्यवहारांचे हिशेब एकाच पेशीत एकमेकांत मिसळत नाहीत, याचे श्रेय बऱ्याच अंशी या भेदास द्यावे लागते. ‘मदतनीस’ या कल्पनेतून ही व्यवस्था समजणे शक्य नाही.

५

येथवरच्या विवेचनावर असा आक्षेप येईल की, सर्वच सहविकरे काही एन.ए.डी.सारखी फिरती नसतात. आक्षेप रास्त आहे. किंबहुना संज्ञेचा दुसरा दोष त्यातूनच निष्पन्न होतो. दोन भिन्न वर्तनांची द्रव्ये ती एकाच नावाखाली आणते.

पायरुव्हिक अम्लापासून ॲसिटिल को-एंझाइम-ए तयार करणारा विकरसमूह पाच सहविकरे वापरतो. त्यांपैकी थायमीन पायरोफॉस्फेट, लिपोइक अम्ल व एफ.ए.डी. ही तीन विकरसमूहास पक्की जोडलेली राहतात. एन.ए.डी. व को-एंझाइम-ए ही दोन मात्र येतात, बदलतात आणि निघून जातात. पहिल्या तिघांना विकराचा अवयव म्हणणे योग्य होईल. उरलेली दोन क्रियाधारांत, म्हणजे ज्या द्रव्यांवर विकर क्रिया करते त्यांत, मोजली पाहिजेत. अन्य क्रियाधारांहून त्यांचे वेगळेपण एवढेच की, दुसऱ्या क्रियेत त्यांचे मूळ रूप परत मिळते. इंग्रजी ग्रंथांत पहिल्या प्रकारास वेगळी संज्ञा आहे, आणि दुसऱ्या प्रकारास ‘सहक्रियाधार’ अशा अर्थाचा शब्दही वापरला जातो. मराठी लेखनात हा भेद पुष्कळदा पुसला जातो.

त्याचा परिणाम नेहमीच्या एका वाक्यात पाहावयास मिळतो. श्वसनाच्या वर्णनात ‘एन.ए.डी.एच. व एफ.ए.डी.एच.-दोन हे वाहक इलेक्ट्रॉन श्वसनशृंखलेपर्यंत नेऊन पोचवितात’ अशा धर्तीचे वाक्य सर्रास येते. एन.ए.डी.एच.पुरते ते खरे आहे. सायट्रिक अम्लचक्रातील एफ.ए.डी. मात्र सक्सिनिक अम्लावर क्रिया करणाऱ्या विकरास सहसंयोजी बंधाने जखडलेले असते. ते कोठेही जात नाही. जागच्या जागी इलेक्ट्रॉन घेते व त्याच विकरातील पुढील घटकांमार्फत युबिक्विनोनकडे सोपविते. ‘वाहक’ शब्दाने वाचकाच्या डोळ्यांपुढे ओझे घेऊन चालणारा कोणी उभा राहतो. येथे चालणे नाही, हातोहात देणे आहे. उलटपक्षी, फिरत्या एन.ए.डी.एच.लाही सर्वत्र मुक्तद्वार नसते. मायटोकाँड्रियाचे आतील पटल त्यास ओलांडता येत नाही, पेशीद्रवातील एन.ए.डी.एच.चे इलेक्ट्रॉन मॅलिक अम्लासारख्या द्रव्यांच्या मध्यस्थीने आत न्यावे लागतात. रूपकाची मर्यादा सांगितली नाही म्हणजे रूपक हेच ज्ञान समजले जाते.

को-एंझाइम-ए या द्रव्याची कथा या संदर्भात बोधप्रद आहे. फ्रिट्झ लिपमन याने बोस्टन येथे कबुतराच्या यकृताच्या अर्कावर काम करताना १९४५ च्या सुमारास त्याचा शोध लावला. त्यातील ‘ए’ हे अक्षर ॲसिटेटच्या क्रियाशीलतेचे द्योतक आहे. १९५१ मध्ये फेओडोर लायनन याने म्यूनिक येथे दाखविले की, ॲसिटिल गट या रेणूतील गंधकास जोडलेला असतो. १९५९ मध्ये जॉन मॉफॅट व हरगोविंद खोराना यांनी त्याचे संपूर्ण संश्लेषण जाहीर केले. साखर, स्निग्ध पदार्थ आणि कित्येक ॲमिनो अम्ले यांच्या विघटनाचे मार्ग ॲसिटिल को-एंझाइम-एपाशी येऊन मिळतात, आणि सायट्रिक अम्लचक्र, स्निग्धाम्ले व कोलेस्टेरॉल यांकडे जाणारे मार्ग तेथून फुटतात. ज्या द्रव्यापाशी एवढे मार्ग मिळतात त्याच्या नावात मात्र ते कोणाच्या तरी ‘सह’ असल्याचीच नोंद आहे.

६

या चिकित्सेचा व्यवहाराशी संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर पेलाग्रा या रोगाच्या इतिहासात आहे. त्वचेचा दाह, अतिसार व बुद्धिभ्रंश ही त्याची लक्षणे असून उपचाराअभावी तो मृत्यूस कारण होतो. मक्यावर गुजराण करणाऱ्या दक्षिण युरोपातील व अमेरिकेच्या दक्षिण भागातील गरीब वर्गांत त्याने मोठी हानी केली. तो संसर्गजन्य नसून आहारातील न्यूनतेमुळे होतो, हे जोसेफ गोल्डबर्गर याने १९१४ पासून केलेल्या कामातून दाखविले. १९३५ च्या सुमारास ओटो वारबुर्ग व वॉल्टर क्रिस्टियन यांना सहविकरात निकोटिनामाइड आढळले. १९३७ मध्ये कॉनरॅड एल्वेहजेम याने निकोटिनिक अम्लाने कुत्र्यांतील तत्सम रोग बरा केला. दोन वेगळ्या शाखांतील शोध याप्रमाणे एकाच रेणूपाशी येऊन मिळाले.

भारतात हा रोग दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरीब जनतेत आढळला, आणि हैदराबाद येथील पोषण-संशोधनाचा तो दीर्घकाळ विषय झाला. सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतील ल्यूसीन या ॲमिनो अम्लाच्या आधिक्याशी त्याचा संबंध सुचविला. त्या उपपत्तीविषयी पुढे मतभेद झाले. पण ज्वारी ही महाराष्ट्राच्याही मोठ्या भागाची भाकरी असल्यामुळे हा प्रश्न मराठी वाचकास परका नाही.

आता विद्यार्थ्याच्या मनात सहज येणाऱ्या शंकेचा विचार करावा. प्रौढ माणूस दिवसाकाठी शेकडो ग्रॅम अन्नद्रव्ये जाळतो; त्यास नायसिन मात्र सुमारे १५ मिलिग्रॅम पुरते. एवढ्या थोड्या द्रव्याच्या अभावाने प्राणावर का बेतावे? आणि द्रव्य पुन्हापुन्हा मूळ रूपात येत असेल, तर ते रोज तरी का घ्यावे लागावे? पहिल्या शंकेचे उत्तर आवर्तनात आहे: तोच रेणू असंख्य वेळा भरतो व रिकामा होतो, म्हणून थोडा पुरतो, आणि सर्व मार्ग त्याच्यावाचून अडतात, म्हणून त्याचा अभाव सहन होत नाही. दुसऱ्या शंकेचे उत्तर अलीकडचे आहे. पेशीतील काही विकरे एन.ए.डी.चा रेणू तोडून त्याचा एक भाग प्रथिनांना जोडतात. हे ज्ञान १९६० नंतरच्या दशकांत पुढे आले. २००० मध्ये यीस्टमधील ‘सर-दोन’ हे प्रथिन एन.ए.डी. खर्च करून अन्य प्रथिनांवरील ॲसिटिल गट काढते, असे सिद्ध झाले. अशा क्रियांत एन.ए.डी. मूळ रूपात परत येत नाही. सुटलेल्या निकोटिनामाइडपासून ते पुन्हा रचावे लागते, आणि त्यातील काही अंश शरीराबाहेर जातो. येथे ‘सहविकर’ हे नाव पूर्णपणे अपुरे पडते; हा सरळसरळ खर्ची पडणारा क्रियाधार आहे. ‘विकरास मदत करणारे द्रव्य’ एवढी व्याख्या पाठ केलेल्या विद्यार्थ्यास दोन्ही शंकांचे उत्तर देता येणार नाही, आणि त्या शंका सुचणारही नाहीत, ही अधिक गंभीर गोष्ट होय.

७

यावर अंतिम आक्षेप रूढीचा असेल. संज्ञेचा यौगिक अर्थ कोण पाहतो? ‘पंकज’ म्हणताच कमळ समजते. चिखलात उगवणाऱ्या इतर वनस्पतींचा विचार कोणी करीत नाही. हा युक्तिवाद जुन्या शब्दांस लागू पडतो. ‘पंकज’ शब्द ऐकणाऱ्याने कमळ आधी पाहिलेले असते. रूढी तेथे अनुभवाच्या आधारावर उभी असते. सहविकर कोणी पाहिलेले नसते. त्याच्या कल्पनेचा पहिला आधार शब्दच असतो, आणि शब्द जितका पारदर्शक तितका वाचक त्याच्या अवयवांवर अधिक विसंबतो. ‘को-एंझाइम’ हा परका शब्द मराठी वाचकास अपारदर्शक असल्यामुळे तो निदान चुकीचे काही सांगत नाही. ‘सहविकर’ पारदर्शक आहे, म्हणून त्याची जबाबदारी मोठी आहे. पारदर्शक परिभाषेचा पुरस्कार करणाऱ्यांनी तिच्या या किमतीची जाणीव ठेवणे इष्ट होय.

तथापि संज्ञा बदलावी असा निष्कर्ष यातून काढण्याचे कारण नाही. रुळलेला शब्द टाकून नवा घडविल्याने गोंधळात भरच पडेल, आणि इंग्रजीतही ‘को-’ हा उपसर्ग याच दोषासह टिकून आहे. सुधारणा व्हावयास हवी ती व्याख्येत. सहविकर म्हणजे विकराचा मदतनीस, असे न सांगता पुढीलप्रमाणे सांगावे: एका क्रियेत एखादा अणुगट, हायड्राइड किंवा इलेक्ट्रॉन स्वीकारून स्वतः बदलणारे आणि दुसऱ्या क्रियेत तो देऊन मूळ रूपात येणारे, विकरावाचून वेगळे असे लहान सेंद्रिय द्रव्य. त्याचे ‘बद्ध’ व ‘फिरते’ असे दोन भेद त्याच परिच्छेदात नोंदवावेत, आणि काही क्रियांत फिरते सहविकर खर्चीही पडते, हे पुढे लगेच सांगावे. एवढे केल्यास ‘सह’ या पदासही नवा अर्थ लाभेल. दोन क्रिया ज्याच्यामुळे एकमेकींसह चालतात ते सहविकर, असे ते वाचता येईल. आणि मग नाव व वस्तू यांतील अंतर पुष्कळ कमी होईल.